खोली नंबर नऊ

टोणगेबाबूंनी माझा अर्ज खिडकीतून परत सरकवला आणि ते आपल्या चहाकडे वळले. अर्जाच्या कोपऱ्यात लाल शाईनं शेरा मारलेला होता. मी तो तिथंच उभ्या उभ्या वाचला, आणि मग पुन्हा वाचला, कारण पहिल्यांदा वाचून माझा विश्वासच बसेना.

'अर्जदार विद्यार्थिनी जुलैपासून गणिताच्या उपचारात्मक वर्गास नियमित उपस्थित आहे. सबब वेगळ्या मार्गदर्शनाची आवश्यकता दिसत नाही.'

"बाबू, हे काय लिहिलंय? मी कधी गेले असल्या वर्गाला?"

बाबूंनी बशी बाजूला ठेवली, कपाटातनं हिरव्या पुठ्ठ्याचं रजिस्टर काढलं आणि माझ्या नावावर बोट ठेवलं. घोरबांड मंदाकिनी. नावापुढं तीस चौकोन, तीस चौकोनांत तीस सह्या.

"ही सही कुणाची आहे?"

"माझी."

"मग झालं तर."

माझ्या मागं बसपासच्या फॉर्मसाठी दहा-बाराजण उभे होते. त्यातला एकजण फिदीफिदी हसला. मला त्या खिडकीचे गज उपटून काढावेसे वाटत होते, पण चूक माझी होती की त्यांची हेच मला धड कळत नव्हतं, आणि त्यामुळं राग आणखीच चढत होता.

ही गोष्ट आहे शहाण्णव सालची. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि पहिल्या वर्षाचा गणिताचा पेपर माझ्या मानगुटीवर बसलेला होता. ऑक्टोबरात तो निघाला नाही तर कॉलेजातनं नाव कमी होणार, आणि नाव कमी झालं की मुलींच्या वसतिगृहातली खाट जाणार. आमच्या अण्णांनी जूनमध्येच सांगून ठेवलं होतं, यंदा निघाला तर ठीक, नाहीतर ट्रंक घेऊन सरळ घरी ये. अण्णा उगाच धमकी देणारे गृहस्थ नव्हते.

गणित मला येत नव्हतं असं नाही. गावच्या शाळेत मी फळ्यावर गणितं सोडवून दाखवायची. पण तिथं सगळं मराठीतनं होतं, आणि इथं आमचे वर्गावरचे सर इंग्रजीतनं धाडधाड लिहून द्यायचे, आणि आम्ही ते उतरवून घ्यायचो. डिफरन्शिअल इक्वेशनची सव्वीस पानं माझ्या वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलेली होती आणि त्यातलं एक अक्षर मला कळत नव्हतं. मी सरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, ट्यूशन लाव. मी ग्रंथालयात गेले. तिथं मराठीतलं एक जाड मार्गदर्शक पुस्तक काचेच्या कपाटात दिसत होतं, पण कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली ज्यांच्याकडं होती ते ग्रंथपाल मुलीच्या बाळंतपणासाठी लातूरला गेले होते, ते दोन आठवडे आलेच नाहीत. आले तेव्हा म्हणाले, हे पुस्तक घरी न्यायचं नसतं, इथंच बसून वाचायचं. आणि वाचनालय उघडं कधी, तर आमचे तास चालू असतात तेव्हा. विद्यार्थी कल्याण कक्ष म्हणून एक पाटी होती. त्या दाराच्या फटीतनं डोकावून बघितलं, तर आत व्हॉलीबॉलच्या जाळ्या आणि मोडक्या खुर्च्या. ज्याच्याकडं जावं त्यानं दुसऱ्याकडं बोट दाखवावं. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असा सगळा कारभार होता.

या सगळ्या वणवणीत माझ्याबरोबर शेवंता असायची. शेवंता आडे, माझी रूम पार्टनर. किनवटच्या पुढं जंगलालगत एक तांडा आहे, तिथली. त्यांच्या तांड्यावरनं विज्ञान शिकायला बाहेर पडलेली ही पहिली मुलगी. तिचाही तोच पेपर राहिलेला. माझ्यापेक्षा हुशार होती ती, पण बुजरी. एखादी गोष्ट कळली नाही की गप्प बसायची आणि मग दोन दिवसांनी तीच गोष्ट पुन्हा विचारायची. मला त्याचा कंटाळा यायचा. मी बोलण्यात पटाईत, मला सगळ्या जगाचं सगळं कळतं असा माझा समज. आमची आई म्हणायची, मंदे, अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. मी आईलाही हसायची.

त्या रजिस्टरची भानगड जुलैत सुरू झाली. शनिवारी आम्ही पाससाठी किंवा शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी ऑफिसात गेलो की टोणगेबाबू आधी ते हिरवं रजिस्टर पुढं करायचे. इथं सह्या करा, मगच फॉर्म. आठवड्याचे तीन चौकोन, मंगळवार, गुरुवार, शनिवार. वर ठसठशीत लिहिलेलं होतं, 'उपचारात्मक वर्ग : गणित. वेळ : सकाळी सव्वासात. प्रा. औंढेकर. खोली क्र. ९.' पेपर राहिलेल्या सतराजणांची नावं खाली. सगळे मुकाट्यानं सह्या करून मोकळे व्हायचे. असल्या सह्या करायची आम्हाला सवयच होती. शाळेतसुद्धा साहेब यायच्या आदल्या दिवशी आम्ही न झालेल्या सहलीच्या वहीत सह्या केल्या होत्या.

पहिल्याच शनिवारी शेवंतानं मला कोपरानं ढोसलं.

"मंदे, ही नऊ नंबरची खोली कुठं आहे गं?"

मी तिथंच, भरल्या ऑफिसात हसले. "अगं येडे, नऊ नंबरची खोलीच नाही या कॉलेजात. आठ झाली की अकरा लागते. त्यावरनंच ओळख की. कमिटी येणार असंल, म्हणून कागद रंगवायलेत."

"एकदा बघून येऊ की."

"काय बघतीस? नसलेली खोली?"

आजूबाजूची मुलंही हसली. शेवंतानं मान खाली घालून सही केली. दोन दिवसांनी तिनं नेहमीप्रमाणं तेच पुन्हा काढलं, तेव्हा मी तिला हात धरून वरांड्यातनं फिरवून आणलं. ही सात, ही आठ, ही अकरा, झालं समाधान? झालं म्हणाली. पुढं पुढं तर ती शनिवारी ऑफिसात यायचीही बंद झाली. माझी पण तूच करून टाक, म्हणायची. मी करायची. तिच्या 'डे'ला एक लांब शेपूट असायचं, ते मला हुबेहूब जमायला लागलं होतं.

सप्टेंबरात चाचणी झाली. मला चाळीसपैकी सहा आणि तिला तीन. तो कागद तिनं घडी घालून उशीखाली ठेवला आणि दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी, बुधवारी, सकाळी मी आंघोळ करून आले तर तिची ट्रंक भरून तयार. मी खूप समजावलं तिला. म्हटलं, परीक्षेचा फॉर्म भरलाय, निदान बसून तर बघ.

"कोरा पेपर देऊन यायला कशाला थांबू?" ती म्हणाली.

मी तिची ट्रंक घेऊन स्टँडवर गेले. किनवटची गाडी फलाटाला लागलेली होती. ती खिडकीत बसली, आणि गाडी निघता निघता म्हणाली, "कुणी एकदा मराठीतनं समजावून सांगितलं असतं ना मंदे, तर मला आलं असतं गं."

"इथं कोण बसलंय आपल्याला सांगायला?" मी म्हणाले. आणि मला ते मनापासून वाटत होतं.

त्या शनिवारी मी पासच्या फॉर्मसाठी गेले आणि रजिस्टरवर माझ्या तीन सह्या केल्या, आणि सवयीनं शेवंताच्याही तीन केल्या. ती गेलीय हे सह्या करून झाल्यावर लक्षात आलं. पण खाडाखोड कोण करणार? मग सोमवारी, तिच्या रिकाम्या खाटेकडं बघून बघून डोकं फिरलं तेव्हा, मी प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहिला, की आम्हा सतराजणांसाठी परीक्षेआधी कुणीतरी मराठीतनं शिकवावं. बुधवारी त्याचं उत्तर आलं, तो लाल शेरा.

तर खिडकीशी मी उभी होते. मागच्या पोरांची कुजबुज चाललेली. मी बाबूंना विचारलं, या औंढेकर सरांना भेटायचं तर कुठं भेटायचं. मनात म्हटलं, न घेतलेल्या तासांखाली सही ठोकणारा हा मास्तर एकदा डोळ्यांनी तरी बघू.

"सकाळी सव्वासातला. खोली नंबर नऊ."

"नऊ नंबरची खोली नाहीये, बाबू."

बाबूंनी मान वर केली. "नाही कशी? पाण्याच्या टाकीमागं, बॉटनीच्या बागेतनं गेलं की. जुन्या बिल्डिंगीच्या दोन खोल्या राहिल्यात ना तिथं, नऊ आणि दहा."

"मग तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाही?"

"तू कधी विचारलंस?" बाबू म्हणाले आणि पुढच्याला हाक मारली.

तरीही मला पटलं नव्हतं. खोली असेल, पण तास? मी माझ्या मनाशी सगळा बेत ठरवला. उद्या गुरुवार. सव्वासातला जायचं, दाराला कुलूप असणारच, ते बघायचं आणि तस्सं प्राचार्यांच्या केबिनमध्ये घुसायचं. काय काय बोलायचं ते रात्रीच पाठ केलं होतं.

सकाळी बागेतनं जाताना सलवारीला कुसळं चिकटली. टाकीमागं खरंच दोन कौलारू खोल्या होत्या. नऊ नंबरचं दार सताड उघडं होतं.

आत सात बाकं. सगळी रिकामी, पण पुसलेली. फळ्यावर कोपऱ्यात त्या दिवसाची तारीख आणि मधोमध एकच समीकरण, मोठ्या अक्षरात. टेबलाशी पांढऱ्या शर्टातले एक साठीला आलेले गृहस्थ पेपर वाचत बसले होते. माझी चाहूल लागली तसा त्यांनी पेपर खाली घेतला.

"कोण?"

"घोरबांड."

"मंदाकिनी," ते म्हणाले. "तीस सह्या. आज एकतिसावी इथं येऊन करायची का?"

पाठ केलेलं सगळं भाषण माझ्या डोक्यातनं उडालं. मी दारातच उभी राहून कसंबसं म्हणाले, "सर, आम्हाला वाटलं हा वर्ग होतच नाही. नुसता कागदावर आहे."

"आणि मला वाटलं, तुम्हाला तो नको आहे."

त्यांनी सांगितलं ते असं. हजेरी घ्यायची नाही हा त्यांचा नियम, शिकवायचं काम त्यांचं आणि सह्यांचं काम ऑफिसचं. म्हणून बाबू शनिवारी सह्या गोळा करायचे. जुलैपासून आठवड्याला तीन सकाळी सर इथं येत होते, तारीख घालून गणित मांडत होते आणि आठ वाजेपर्यंत बसून घरी जात होते. शनिवारी खाली सही करायला रजिस्टर त्यांच्यापुढं आलं की त्यावर सतरा नावांच्या सह्या. पोरं सही करून पळतात, हे ते तीस वर्षं बघत आले होते. पळणाऱ्याच्या मागं धावायचं नाही, हा त्यांचा दुसरा नियम.

मला आता खरोखरीचा संताप आला. वयाचा मुलाहिजा न ठेवता मी बोलले, "सर, तीन महिने तुम्ही इथं पेपर वाचत बसलात. एकदा आमच्या वर्गावर येऊन सांगता आलं नाही? तिथं पोरींवर शिक्षण सोडायची वेळ आली."

"नोटीस लावली होती मी."

"कुठं?"

त्यांनी माझ्या खांद्याजवळ बोट केलं. मी वळून बघितलं. उघड्या दाराच्या फळीवर, उन्हानं पिवळी पडलेली, चार टाचण्या मारलेली नोटीस. जो इथवर आला त्यालाच दिसेल अशी. मला हसावं की रडावं ते कळेना. सरांकडं बघितलं तर तेही त्या नोटिशीकडं बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरनं वाटलं की त्यांनाही ते आत्ताच दिसलं. त्यांनी पेपरची घडी घालून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "बस."

फळ्यावरचं समीकरण माझ्या वहीतल्या सव्वीस पानांपैकीच होतं. सरांनी खडू घेतला आणि मराठीत बोलायला लागले. "ही डावी बाजू बघ. दोन तुकडे आहेत, एकमेकांत बसत नाहीत. म्हणून आपण दोन्ही बाजूंना एका घटकानं गुणायचं. असा घटक शोधायचा, की गुणल्यावर ते दोन तुकडे मिळून एकाच गुणाकाराचं अवकलन होतील. तसं झालं की उलट फिरायचं. सुटलं." मग त्यांनी तो घटक कसा शोधायचा ते दाखवलं आणि खडू माझ्या हातात दिला. दुसरं गणित मी अडखळत सोडवलं. तिसरं सरळ सोडवलं. घड्याळात आठला पाच कमी होते. जे मला वर्षभर कळलं नाही ते पाऊण तासात कळलं होतं, आणि आनंद व्हायच्या ऐवजी माझ्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी यायला लागलं. इतकंच होतं हे? इतक्यासाठी शेवंता गेली?

सरांनी मला रडू दिलं. फळा पुसता पुसता पाठमोरेच म्हणाले, "ती दुसरी कुठं आहे? आडे. तुझ्या सहीखाली तिची असते."

"गावी गेली, सर."

"कधी?"

"गेल्या बुधवारी."

फळा पुसणारा हात थांबला. शनिवारच्या सह्यांखाली त्यांनी स्वतः सही केली होती. माझ्याकडं वळून बघतील म्हणून मी जीव मुठीत धरून उभी राहिले, पण ते वळले नाहीत.

"बोलाव तिला," एवढंच म्हणाले. "अजून सोळा दिवस आहेत. पुरेत."

मी त्याच दुपारी आंतरदेशीय पत्र घेतलं. पोस्टाच्या बाकावर बसून लिहिलं, शेवंता, लगेच निघून ये, इथं मराठीतनं गणिताचा वर्ग... आणि पेन अडलं. वर्ग होता, जुलैपासून होता, तू म्हणाली होतीस बघून येऊ, हे लिहायचं होतं. मी लिहिलं, 'वर्ग सुरू झाला आहे.' आणि पत्र पेटीत टाकून दिलं.

राहिलेल्या पंधराजणांनाही मी जाऊन जाऊन सांगितलं. निम्म्यांनी मला वेड्यात काढलं, जसं मी शेवंताला काढलं होतं. सहाजण आले. सर मग आठवड्याचे सहाही दिवस यायला लागले. मी रोज सकाळी बागेच्या वाटेकडं बघायची. किनवटची पहिली गाडी साडेसहाला पोचायची. सोळा दिवसांत शेवंता आली नाही.

परीक्षा झाली. पेपर देऊन आल्यावर आठ दिवसांनी तिचं कार्ड आलं. पोस्टमन तांड्यावर फक्त बाजाराच्या दिवशी जायचा, त्यातही एक बाजार त्यानं चुकवला, म्हणून माझं पत्र तिला पेपरच्या दुसऱ्या दिवशी मिळालं होतं. लिहिलं होतं, 'मी बालवाडीत मदतीला जायला लागले. बरं झालं, तुला तरी वर्ग मिळाला. मी होते तोवर नव्हता, मी निघून आले आणि सुरू झाला. माझं नशीबच तसं, दुसऱ्याला काय बोल लावायचा.' खाली सही होती, लांब शेपटाच्या 'डे'ची.

मला गणितात बेचाळीस मार्क पडले. खाट राहिली, कॉलेज राहिलं, पुढचं सगळं झालं. आज मी त्याच शहरातल्या दुसऱ्या एका कॉलेजात गणित शिकवते. शेवंताच्या कार्डाला मी उत्तर पाठवलं होतं, पास झाल्याचं कळवलं, बालवाडीबद्दल चौकशी केली. खोली नंबर नऊबद्दल काही लिहिलं नाही. नंतर वर्षाकाठी पत्रं, मग फोन, तिच्या लग्नाला मी तांड्यावर जाऊन आले. सांगायचं दर वेळी राहून जायचं. राहून जायचं म्हणजे काय, मीच राहू द्यायची.

मागच्या जुलैत शेवंता आपल्या धाकट्या मुलीला, प्रणिताला, घेऊन माझ्या कॉलेजात आली. प्रवेशाचे कागद झाले. वरांड्यात नोटीसबोर्डापाशी प्रणिता थांबली आणि मोठ्यानं वाचायला लागली, 'गणित मार्गदर्शन कक्ष, रोज दुपारी तीन, खोली क्रमांक चौदा.' शेवंतानं तो कागद हात लावून बघितला. केस पांढरे व्हायला लागलेत तिचे, आता अंगणवाडी सेविका आहे ती.

"बरंय बाई यांचं," ती म्हणाली. "आपल्या वेळी कुठं होतं असलं काही?"

सव्वीस-सत्तावीस वर्षं मी जे गिळून बसले होते ते तिथं, उभ्या उभ्या, बाहेर पडलं. "होतं, शेवंता. खोली नंबर नऊ. पाण्याच्या टाकीमागं होती. सर जुलैपासून येऊन बसायचे."

तिनं माझ्याकडं बघितलं. ती ओरडेल, रडेल, निदान काहीतरी बोलेल म्हणून मी वाट बघत होते. तिनं त्या कागदावरचा हात काढून घेतला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "मी विचारलं होतं की गं तुला."

मग ती पोरीकडं वळली, तिच्या खांद्यावरची ओढणी नीट केली आणि म्हणाली, "जा, ती चौदा नंबरची खोली कुठं आहे ते बघून ये. स्वतः जा. कुणाला विचारत बसू नको."